काउंटी जेलमधल्या भावाला पैसे पाठवताना : टेक्सासमधलं एक प्रकरण

ह्यूस्टनच्या परिसरातल्या एका काउंटी जेलमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नाशिककडचा एक तरुण सहा आठवडे होता. त्याच्या घरच्यांना मदत करताना जे पाहिलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून काउंटीचं आणि पैसे घेणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. कोठडीतल्या माणसापर्यंत पन्नास डॉलर पोहोचवायची रीत घरच्यांना वाटते त्यापेक्षा अगदी वेगळी आहे. ती माहीत नसली की पैसे जास्त जातात, उशिरा पोहोचतात, आणि त्याचा त्रास आतल्या माणसाला भोगावा लागतो.

हा तरुण म्हणजे घरातला धाकटा भाऊ, तिशीतला, एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारा. शुक्रवारी रात्री पार्टीहून परतताना त्याची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. तपासणीत दारू निघाली आणि समोरच्या चालकाला गंभीर दुखापत झालेली होती. टेक्सासच्या कायद्यात हा साधा ‘ड्रंक ड्रायव्हिंग’चा दंड नसतो, थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असतो. त्या जखमी माणसाचं दुःख या सगळ्या धावपळीपेक्षा मोठं आहे, हे आधीच सांगते. त्याचा न्याय कोर्ट करेल, आणि धाकट्याने तो स्वीकारायला हवा.

न्यायाधीशांनी जामिनाची रक्कम ठरवली. पण मधल्या काळात इमिग्रेशन खात्याने जेलकडे डिटेनर पाठवला, म्हणजे ‘सोडण्याआधी आम्हाला कळवा आणि आमच्यासाठी थांबवून ठेवा’ अशी मागणी. वकील म्हणाले, आज जामीन भरला तर तो काउंटीच्या दारातून थेट इमिग्रेशनच्या ताब्यात जाईल. त्या बाजूची कागदपत्रं तयार होईपर्यंत जामीन भरण्यात शहाणपण नाही. त्यामुळे काही आठवडे आतच काढायचे ठरले आणि पैशांचा प्रश्न उभा राहिला.

नाशिकहून दादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, “ताई, जेलचा अकाउंट नंबर द्या, मी तीन लाख आजच टाकतो.” त्याचा जीव तुटत होता, ते आवाजातच कळत होतं. पण असा अकाउंट नंबर नसतो, आणि तीन लाख तर मुळीच लागत नाहीत. घरचे ज्याला सरसकट ‘पैसे’ म्हणतात त्याचे इथे चार वेगळे कप्पे आहेत. जामीन कोर्टाकडे किंवा बॉण्ड देणाऱ्या एजंटकडे जातो, आणि एजंट साधारण दहा टक्के घेतो ते परत मिळत नाहीत. वकिलाची फी वकिलाच्या खात्यात जाते. आत साबण, खाऊ, पाकिटं घ्यायला कमिसरी खातं असतं. आणि फोनचं खातं बहुतेक ठिकाणी त्याहूनही निराळं. एका कप्प्यातले पैसे दुसऱ्यात आपोआप जात नाहीत. कमिसरीत टाकलेल्या तीन लाखांनी जामीन होत नाही, आणि फोनमध्ये टाकलेल्या पन्नास डॉलरचा साबण येत नाही.

दादाने फोन करण्याआधी इंटरनेटवर शोध घेतला होता. अमेरिकेतल्या कैद्याला पैसे कसे पाठवायचे असं शोधलं की सगळ्यात आधी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, ब्युरो ऑफ प्रिझन्सची माहिती समोर येते. तिथे लिहिलेलं असतं की मनीऑर्डर आयोवा राज्यातल्या डे मॉईनच्या पत्त्यावर पाठवा आणि तिच्यावर कैद्याचा आठ अंकी नंबर घाला. हे सगळं खरं आहे, पण फक्त फेडरल तुरुंगांसाठी. न्यू जर्सीतल्या एका मित्राला दादाने त्या पत्त्यावर मनीऑर्डर टाकायला सांगितलंही होतं. ती वेळेत थांबली हे बरं झालं, कारण काउंटीचा कैदी फेडरल यादीत नसतो.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, एकट्या टेक्सासमध्ये २५४. काउंटी जेल शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, हाती असतं. तिथे मुख्यतः खटला सुरू व्हायची वाट पाहणारे आणि छोट्या शिक्षेचे लोक असतात. देशभरच्या जेलमधल्या कैद्यांपैकी साधारण ७० टक्के अजून दोषी ठरलेलेच नसतात. प्रत्येक शेरीफ पैशांच्या व्यवहारासाठी स्वतःच्या पसंतीच्या खासगी कंपनीशी करार करतो. जेपे, ॲक्सेस करेक्शन्स, व्हायापाथ ही त्यातली ठळक नावं. शेजारच्या काउंटीत चालणारी कंपनी इथे चालेलच असं नाही. म्हणून कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी कंपनीचं नाव शेरीफच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा जेलला फोन करूनच घ्यावं. याच घाईचा फायदा घेणारे ठगही असतात. ‘तुमचा मुलगा अटकेत आहे, गिफ्ट कार्डचे नंबर सांगा’ असा फोन आला तर तो लगेच बंद करावा. कुठलंही जेल आणि कुठलंही कोर्ट गिफ्ट कार्डने पैसे घेत नाही.

नंतर धाकट्याला यादीत शोधण्याची पाळी आली. नाव टाकलं, काहीच मिळालं नाही. दादा घाबरला. कारण साधं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच पासपोर्टांवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. जेलच्या कारकुनाने दोन्ही जोडून एकच पहिलं नाव केलं होतं, आणि आडनावातलं एक अक्षर गाळलं होतं. शेवटी आडनावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख टाकून तो सापडला. जन्मतारीखही अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस. तिथे मिळाला तो बुकिंग नंबर, म्हणजे जेलमधल्या नोंदीचा नंबर. पुढच्या प्रत्येक व्यवहारात हाच नंबर आणि जेलने लिहिलेलं तेच चुकीचं नाव वापरायचं असतं. आपण शुद्ध नाव लिहिलं तर पैसे अडकतात. ते चुकीचं नाव कागदावर जसंच्या तसं उतरवून दादाला फोटो पाठवला आणि सांगितलं, सुटेपर्यंत हेच त्याचं नाव समजा.

दादाने मग स्वतःच्या क्रेडिट कार्डाने प्रयत्न केला. पहिल्यांदा कार्ड नाकारलं गेलं. १ ऑक्टोबर २०२० पासून भारतात नव्याने निघणाऱ्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. ते सुरू केल्यावर कंपनीच्या पानाने अमेरिकन पत्ता आणि झिप कोड मागितला. नाशिकचा सहा अंकी पिनकोड त्या पाच अंकी रकान्यात बसेना. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने धाकट्याच्या घराचा झिप कोड टाकला. व्यवहार अर्धवट झाला. कार्डावर शंभर डॉलरची नोंद आली, जेलच्या खात्यात काहीच नाही.

या प्रकरणातलं सगळ्यात महागात पडलेलं पाऊल त्यानंतरचं. दादाने बँकेला फोन केला, बँकेने ‘डिस्प्यूट टाका’ म्हटलं, त्याने टाकला. आपल्याकडे ऑनलाइन खरेदी फसली की आपण हेच करतो आणि पैसे परत येतात. इथे पैसे घेणाऱ्या कंपनीने धाकट्याचं खातंच बंद केलं, बाहेरून कुणाचेच पैसे घेईना. फोनवरचं उत्तर असं की वाद मिटेपर्यंत या कैद्याला पैसे पाठवता येणार नाहीत. कार्ड दादाचं, तक्रार दादाची, आणि दार बंद झालं धाकट्याचं. हा प्रकार या एकट्या कंपनीपुरता नाही. ग्राहक हक्कांसाठीच्या सीएफपीबी या केंद्रीय संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात व्हायापाथवर आदेश काढला, त्यात चार्जबॅक, म्हणजे अशा डिस्प्यूटमुळे कार्डाचे पैसे परत फिरणं, झाल्यावर कैद्याकडे येणारे पैसे अडवण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं होतं. आम्ही दादाकडून डिस्प्यूट मागे घेतला, तसं पत्र बँकेकडून मिळवलं आणि कंपनीला पाठवलं. खातं उघडलं, पण तोवर कमिसरीची एक फेरी हुकली होती.

ही फेरी म्हणजे काय ते कळल्याशिवाय घाईचा अर्थ लागत नाही. कमिसरी हे रोज उघडं असणारं दुकान नाही. या जेलमध्ये आठवड्यातून एकदा मागणी नोंदवायची, तीही ठरलेल्या रात्रीपर्यंत. दोन दिवसांनी सीलबंद पारदर्शक पिशवीतून माल येतो. पैसे मंगळवारी रात्री जमा झाले तर गुरुवारी साबण मिळतो, बुधवारी सकाळी जमा झाले तर पुढच्या गुरुवारी. म्हणून मी प्रत्येक घरच्यांना सांगते, किती पाठवायचे याच्या आधी कोणत्या वारापर्यंत पोहोचायला हवेत ते विचारा.

शेवटी ज्या वाटेने पैसे पोहोचले ती अगदी साधी होती. धाकट्याचा रूममेट सोलापूरकडचा, अमेरिकन बँकेचं कार्ड असलेला. त्याच्या कार्डाने पन्नास डॉलर पाठवले, त्यावर पाच डॉलरच्या आसपास शुल्क गेलं. जेलच्या लॉबीत कियॉस्क, म्हणजे पैसे भरायचं यंत्र, असतं, त्यात रोख टाकली तर शुल्क थोडं कमी. पोस्टाची मनीऑर्डर सगळ्यात स्वस्त, पण टपालाने जाऊन नोंद व्हायला आठवडा लागतो, आणि तिच्यावर नाव किंवा नंबर जरा चुकला की परत येते. शुल्क बहुधा टप्प्यांत असतं, त्यामुळे दहा-दहा डॉलर वारंवार पाठवणं सगळ्यात तोट्याचं. आम्ही दर आठवड्याला पन्नास ठरवले.

पहिल्या पन्नासातले धाकट्याच्या हाती जेमतेम निम्मे आले. उरलेले कुठे गेले म्हणून दादा रूममेटवर रागावला, आणि त्या बिचाऱ्याला हिशेब देता येईना. झालं होतं असं की अटकेच्या रात्री अपघाताचा मार लागला म्हणून धाकट्याला आत डॉक्टरांनी तपासलं, आणि त्याचं ठरावीक शुल्क खात्यावर उधार पडलं होतं. सुरुवातीला दिलेल्या साबण-ब्रशच्या किटचेही पैसे. खातं उणे झालेलं असतं, आणि बाहेरून पैसे आले की आधी ती उधारी वळती होते. काही काउंट्या नुसतं आत घेण्याचंही शुल्क लावतात. मिनेसोटातल्या रॅम्सी काउंटीच्या २५ डॉलरच्या अशा शुल्काला आठव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या राज्यांच्या, केंद्रीय अपील कोर्टाने २०१६ मध्ये मान्यता दिली. अजून दोषी न ठरलेल्या माणसाकडून हे घेणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते बदलायला हवं. तोवर घरच्यांनी एवढं करावं की पहिला भरणा कापला जाणार हे धरूनच चालावं, आणि ज्याने आपल्यासाठी धावपळ केली त्याच्यावर संशय घेऊ नये.

आता आतली यादी. घर माळकऱ्यांचं, धाकटा पार्टीत प्यायला तरी मांस खात नव्हता. जेवणाचा ट्रे आला की त्यातला ब्रेड, मका आणि फळ तेवढं खायचा. कमिसरीत सगळ्यात खपणारी वस्तू म्हणजे रामेन नूडल्स, आत सगळे त्याला ‘सूप’ म्हणतात. दुकानात अर्ध्या डॉलरच्या आत मिळणारं पाकीट आत डॉलरच्या वर. त्याच्या मसाल्याच्या पुडीत बीफ किंवा चिकनचा अर्क असतो, हे त्याला शेजारच्या बंकवरच्या माणसाने वाचून दाखवलं. मग तो पुडी बाजूला काढून नुसत्या नूडल्स गरम पाण्यात भिजवायचा आणि पीनट बटर टॉर्टिलाला लावून खायचा. पुड्या तो वाटून टाकायचा, त्यातून दोन-चार लोकांशी बोलणं सुरू झालं. जेलमध्ये थंडी फार, म्हणून दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ सगळे पैसे जाड बाह्यांच्या बनियनमध्ये गेले.

पैशांशिवाय सुटणारा एक प्रश्न मात्र आम्ही उशिरा न सोडवता पहिल्याच आठवड्यात हाती घेतला. धर्मामुळे शाकाहारी जेवण हवं असेल तर जेलच्या चॅपलनकडे, म्हणजे धार्मिक बाबी पाहणाऱ्या माणसाकडे, लेखी मागणी करता येते. कोठडीतल्या लोकांच्या धर्मपालनाला २००० सालच्या रलूइपा या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. धाकट्याने अर्ज दिला, चॅपलन येऊन दोन प्रश्न विचारून गेले, आणि काही दिवसांनी ट्रेमध्ये मांसाऐवजी बीन्स येऊ लागले. कमिसरीवरचा भार त्यानेच कमी झाला.

तिसऱ्या आठवड्यात फोनवर धाकटा म्हणाला, “एका माणसाच्या खात्यावर शंभर टाकशील का? त्याचा नंबर देतो.” रूममेट टाकायला निघाला होता. इथे मात्र मी ठामपणे नाही म्हटलं. दुसऱ्या कैद्याच्या खात्यावर पैसे मागणं याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. कुणीतरी दबाव टाकतंय, उधारी वसूल करतंय, किंवा जुगार चाललाय. बहुतेक जेलमध्ये हे नियमाबाहेर आहे. एकदा पैसे गेले की ती मागणी थांबत नाही. ज्याच्या खात्यावर बाहेरून सढळ हाताने पैसे येतात त्याच्यावर नजर असते, आणि तीन लाख टाकण्याची दादाची पहिली इच्छा किती धोक्याची होती हे इथे कळतं. वकिलाला कळवलं. वकिलाने जेलच्या अधिकाऱ्यांशी बोलून धाकट्याची जागा दुसऱ्या विभागात करून घेतली. या गोष्टीबद्दल फोनवर एक अक्षरही बोलायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं.

कारण फोन ध्वनिमुद्रित होतो. मराठीत बोललं म्हणून कुणाला कळत नाही असं समजू नये, सरकारी वकील भाषांतर करून घेऊ शकतो. अपघाताची रात्र, किती प्यायला, कोण बरोबर होतं, यातलं काहीही फोनवर नको. पैशांसोबत छोटा निरोप पाठवता येतो, त्यातही नको.

फोनच्या खात्याची वेगळीच कथा. या जेलच्या फोनवरून भारतातला नंबर लागत नव्हता. आईला आवाज ऐकायचा होता. दादाने सुचवलं की धाकट्याने रूममेटला फोन करावा आणि रूममेटने कॉन्फरन्सवर आईला घ्यावं. दुसरा कॉल जोडताच लाइन कटली. तीन बाजूंचा कॉल ओळखून तोडण्याची व्यवस्था या फोनमध्ये असते, आणि वारंवार केलं तर कैद्याचा फोनच बंद होतो. मग आईने जेलच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. त्याआधी जेलचे टपालाचे नियम पाहिले, कारण अनेक जेलं आता मूळ पत्र देत नाहीत, स्कॅन करून टॅबलेटवर दाखवतात. धाकट्याने आईचं अक्षर स्क्रीनवर वाचलं.

दूतावासाचंही बोलायला हवं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. काही देशांच्या नागरिकांच्या बाबतीत अमेरिका न विचारता कळवते, भारत त्या यादीत नाही. म्हणजे आपल्या माणसाने स्वतः ‘कळवा’ म्हणायला हवं. धाकट्याने बुकिंगच्या वेळी घाबरून, घरी कळेल म्हणून, नको म्हटलं होतं. नंतर वकिलामार्फत ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवलं, आणि दादाने परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवली. दूतावासाने चौकशी केली, भेटीची परवानगी मागितली. कमिसरीचे पैसे भरणं हे त्यांचं काम नाही, पण आपल्या माणसाची नोंद तिथे असली की जेलचं लक्ष थोडं वाढतं, असा माझा अनुभव.

दादाने रूममेटला त्याचे डॉलर परत कसे द्यायचे, यावर बराच खल झाला. रूममेटच्या आईवडिलांना सोलापुरात रुपये देऊन टाकू, असा सोपा मार्ग दोन्ही घरांनी काढला होता. हा मार्ग सगळीकडे सर्रास चालतो, पण इथे डॉलर आणि तिथे त्याबदल्यात रुपये ही देवाणघेवाण परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. रक्कम छोटी होती, हेतू चांगला होता, तरी ज्या घरातला एक माणूस आधीच कायद्याच्या कचाट्यात आहे त्या घराने दुसरी अडचण ओढवून घेऊ नये, असं मी म्हटलं. दादाने बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली रक्कम थेट रूममेटच्या अमेरिकन खात्यात पाठवली. या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जात नाही. वकिलाची फी वेगळी, थेट वकिलाच्या खात्यात. रूममेटने प्रत्येक पावतीचा फोटो तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवला. पहिल्या आठवड्यातला राग पुन्हा उद्भवला नाही, त्याचं श्रेय त्या फोल्डरला आहे.

सहा आठवड्यांनी जामीन भरला आणि अपेक्षेप्रमाणे धाकटा इमिग्रेशनच्या ताब्यात गेला. काउंटीचं खातं त्याच्याबरोबर गेलं नाही. नव्या ठिकाणी नवीन कंपनी, नवं खातं, आणि बुकिंग नंबरऐवजी इमिग्रेशनचा ए-नंबर. तो सापडायला इमिग्रेशनच्या लोकेटरवर, म्हणजे ऑनलाइन शोधयादीत, ए-नंबर आणि जन्मदेश टाकावा लागतो. दोन दिवस तो कुठेच दिसत नव्हता. त्या दोन दिवसांत जुन्या खात्यात पैसे टाकू नका, असं मी दादाला पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण गेलेल्या माणसाच्या खात्यात पडलेले पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं असतं.

काउंटीच्या खात्यात एकतीस डॉलर उरले होते. ते जेलने प्रीपेड डेबिट कार्डवर दिले. अशा कार्डांवर वापरा किंवा न वापरा, महिन्याकाठी शुल्क कापलं जाऊ शकतं. सुटकेच्या अशाच कार्डांवरच्या शुल्कांवरून सीएफपीबीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जेपेला ४० लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायला आणि २० लाख डॉलर दंड भरायला लावला होता. धाकट्याच्या सामानाबरोबर ते कार्ड नव्या केंद्रात गेलं आणि तिथे जप्त सामानात बंद राहिलं. वकिलाने सुचवल्यावर धाकट्याने सही करून सामान रूममेटच्या ताब्यात द्यायची परवानगी दिली. रूममेटने त्याच दिवशी किराणा दुकानात ते कार्ड शून्यावर आणलं आणि पावती फोल्डरमध्ये टाकली. फोनच्या खात्यातले अठरा डॉलर रूममेटच्याच नावावर होते, त्यासाठी वेगळा परताव्याचा अर्ज करावा लागला. तो मंजूर झाला. नव्या केंद्राच्या कमिसरीत पहिले पन्नास डॉलर त्यानंतरच्या सोमवारी जमा झाले, तिथली मागणी बुधवारी बंद होते हे आधी विचारून घेतलं होतं.